लोह्याच्या टेकडीवरचा जोड

१

‘एक गोळा उतारावरून सोडला असता,’ एवढं छापून प्रिंटर थांबला.

नांदेडच्या क्लासच्या हॉलमध्ये पोरं पेनांची टोपणं काढून बसली होती. रविवारची सकाळ, अंगात स्वेटर, समोर कोरी उत्तरपत्रिका, आणि तो गोळा आपला उताराच्या मध्येच लटकलेला. पुढं किती वेगानं गेला, खाली पोचला की नाही, काही पत्ता नाही. वरद सर नांदेडच्या शाखेचे व्यवस्थापक. त्यांनी अर्धा कागद प्रिंटरमधून उपटला आणि टर्मिनलच्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात नेहमीचंच उत्तर होतं: टेकडी उत्तर देत नाही.

टेकडी म्हणजे लोह्याच्या पलीकडची. लातूरहून निघालेला बिनतारी संदेश नांदेडला सरळ पोचत नाही. मध्ये टेकडीवरच्या रिले स्टेशनचा रेडिओ तो ऐकतो आणि पुढं सांगतो. भूकंपात टेलिफोनचे खांब आडवे झाले, गावोगावचे निरोप अडकले, तेव्हा हे जाळं उभं राहिलं. त्या गोष्टीला पाच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यावरून धर्माबादच्या मोंढ्याचे भाव गेले, इस्लापूरच्या पावसाचे आकडे गेले, हिमायतनगरच्या तहसीलचे निरोप गेले. टेकडी कधी बसली नाही. मग लातूरच्या क्लासला वाटलं, आपण पेपर काढावा आणि त्याच मिनिटाला तो नांदेडच्या पोरांसमोर पडावा. दिवाळीनंतर पेपर सुरू झाले आणि टेकडी रुसली.

वरद सरांनी थेट शिवकन्याला फोन लावला. ती या जाळ्याची प्रमुख.

"मॅडम, यंत्र आहे, बिघडणारच, हे मला कळतं. पण भाव जातात, पाऊस जातो, आणि पेपर निघाला की बरोबर टेकडी मरते? हा बिघाड नाही, कोणीतरी करतंय. आणि कोण ते मी सांगतो."

"कोण?"

"तुमची नवी इंजिनिअर. भार्गवी."

शिवकन्यानं "बघते" म्हणून फोन ठेवला. खरं तर तिला काळजी वाटायला हवी होती. पण पोटात गरम शिऱ्याचा घास उतरल्यासारखं काहीतरी गोड उतरलं, आणि ते तिचं तिलाच कळलं.

२

भार्गवी लातूरची. दिवाळी झाल्यावर रुजू झाली. हातात पदवी, कानात बारीक कुड्या, आणि वायर ओढायची तर अशी सरळ की पाहणाऱ्याला आपलं आजवरचं काम गोधडीच्या टाक्यांसारखं दिसावं. शिवकन्यानं आयटीआय केलं होतं, बाकी सगळं खांबावर चढून शिकली होती. पोरीचं काम बघून ती "छान" म्हणाली होती. म्हणताना दात जरा जास्तच जवळ आले होते.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मार्तंड, शिवकन्याचा नवरा, याच कंपनीत जुना तंत्रज्ञ. पाच वर्षांपूर्वी दोघांनी मिळून टेकडीवरचं वायरिंग केलं होतं. यंदा गणपतीत कंपनीनं शिवकन्याला प्रमुख केलं, तेव्हापासून मार्तंड तिला ऑफिसात ‘मॅडम’ म्हणायचा. "मॅडम, चहा घेणार का?" सगळे हसायचे, तीही हसायची. घरी मात्र तो हल्ली गप्प असायचा. आणि ऑफिसात भार्गवीला काही टोचून बोललं, की हा गडी पटकन मध्ये पडायचा.

आजही तसंच झालं.

"तुझी मावसबहीण लातुरात दुसऱ्या क्लासला शिकवते ना?" शिवकन्यानं विचारलं.

"हो," भार्गवी म्हणाली. "म्हणून मी यांचे पेपर बुडवीन?"

"मी म्हणत नाही, वरद सर म्हणतात. टेकडीवर डबा उघडला होतास?"

"तुम्हीच पाठवलं होतं. रेडिओच्या तोंडाशी मीटर लावला, बारा व्होल्ट पूर्ण. अँटेनाची केबल पाहिली. माझे जोड सगळे सोडवून परत बांधले. कुठंच काही सापडत नाही, मॅडम." पोरीचे डोळे भरून आले होते. "बाबांना काय सांगू? पहिलीच नोकरी आहे माझी."

"पोरीला का टोचून राहिलीस?" दारातून मार्तंडचा आवाज आला. त्यानं आत येऊन स्वतःचा चहा भार्गवीपुढं सरकवला. "तिचा काय दोष? पेपर पाठवायची घाईच केली आपण."

चहा त्याचा होता, आल्याचा, शिवकन्यानं घरून थर्मासमध्ये भरून दिलेला. तो भार्गवी पीत होती. शिवकन्या त्या कपाकडं बघत राहिली. भूकंपात जमीन हलली तेव्हासुद्धा तिला एवढं पायाखालचं गेल्यासारखं झालं नव्हतं.

३

दुपारी वरद सर स्वतः ऑफिसात आले. गळ्यात मफलर, तोंडावर निकाल लागल्यासारखा भाव.

"तुमच्या मालकांशी बोललोय," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत नाव हवं. नाही मिळालं तर मी तिचंच नाव पोलिसात देतो. एकदा पोलिसात नाव गेलं की तिला कोण नोकरी देतंय बघू."

"सर, एक विचारू?" शिवकन्या म्हणाली. "पेपर आला नाही त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? फळ्यावर मीच पेपर काढला."

"आणि पोरांनी सोडवला?"

"उत्तम सोडवला!" ते जरा फुशारूनच बोलले, आणि मग थांबले. "का?"

"काही नाही. लातूरचा पेपर आला नाही की नांदेडला तुमचा पेपर चालतो, एवढंच."

वरद सर लाल झाले. "हो, जळतो मी लातूरवर! खोटं कशाला बोलू? पोरं आमची, घोकंपट्टी आमची, आणि वर्तमानपत्रात फोटो लातूरच्या सरांचे. पण म्हणून टेकडी चढून वायरी कापायला मला येतं का? मला घरचा फ्यूज बदलता येत नाही, विचारा आमच्या हिला!"

"टेकडीवर गेला होतात ना कधी?"

"सहलीला. पोरांना घेऊन." ते चाचरले. "तुमच्या त्या वॉचमननं डबा उघडून दाखवला होता. पण मी हात नाही लावला."

मार्तंड कोपऱ्यात पक्कड पुसत उभा होता. वरद सरांनी जाता जाता त्याच्याकडं बोट केलं. "उद्या सकाळी मीही टेकडीवर येतो, डोळ्यांनी बघतो. हे पण येणार ना? मॅडमचे मिस्टर?"

"येणार," शिवकन्या म्हणाली. "जीप तेच चालवतात."

"माझी पाठ धरलीय," मार्तंड म्हणाला. "उद्या भार्गवीलाच जाऊ दे वर. नाहीतर राहू दे. बॅटरी बदलू आणि मोकळे होऊ."

शिवकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. पाठ धरलेला माणूस सकाळी पाण्याची घागर उचलून गेला होता. आणि तिला एकदम वाटलं, हा त्या पोरीला वाचवतोय. म्हणजे पोरीनं केलंय, आणि ह्याला माहीत आहे.

"तुम्ही यायचंच," ती म्हणाली.

४

टेकडीवर वारा सुटला होता. गुरुपादप्पा, तिथला वॉचमन, घोंगडी पांघरून पायरीवर बसला होता. भूकंपानंतरच्या दिवसांत इथं बोलायचा वायरलेस होता आणि गुरुपादप्पा त्यावर बोलायचा. अख्ख्या मराठवाड्यानं त्याचा आवाज ऐकला होता, असं तो सांगायचा. मग टर्मिनल आली, अक्षरंच जाऊ येऊ लागली, आणि त्याचा माइक खिळ्याला लटकला.

"या डब्यावर राग असेल तुमचा, आप्पा," शिवकन्या म्हणाली.

"हाय की!" तो बिनदिक्कत म्हणाला. "आधी म्या बोलत होतो, आता ह्यो डबा बोलतोय. पन म्या त्याला हात न्हाई लावला, बाई. रागावलो की तोंडावर बोलतो. कळलं का रे डब्या?" त्यानं खोलीच्या दारावर थाप मारली. "अन् आलं कोन कोन? सर आले, ही लातूरची पोरगी आली, अन् मॅडमचे मिस्टर बी आले."

मार्तंड जीपमधून हत्यारं काढायला वळला.

आत रेडिओचा पत्र्याचा डबा, खाली बॅटरी, दोन्हींच्या मध्ये केबली. शिवकन्यानं झाकण उघडलं. जोडाजोडांवरच्या टेपवर ठिपके होते, काही विटक्या लाल रंगाचे, काही ठळक गुलाबी.

"हे काय?" वरद सरांनी विचारलं.

"कुंकू," भार्गवी म्हणाली. "म्हणूनच मी त्या जोडांना हात लावला नव्हता. पूजेचं कसं सोडवायचं?"

"खंडेनवमीचं हाय," गुरुपादप्पा म्हणाला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा, तशी याचीबी. औंदा कुंकू संपत आलं होतं, तर गनपतीतला गुलाल मिसळला म्या. म्हनून गुलाबी झालं. त्याच दिशी सरलं तेबी."

शिवकन्याला माहीत होतं. मार्तंडनंच पाडलेली रीत ती. पहिल्या वर्षी, दोघं इथं घामेघूम होऊन बसले असताना, त्यानं चिमटीत कुंकू घेऊन म्हटलं होतं, आपल्या हातानं केलेल्या जोडाला आपणच कुंकू लावायचं. माझ्या जोडाला मी, तुझ्या जोडाला तू. त्या बोलण्यावरच ती भाळली होती, लग्न नंतर झालं. यंदा खंडेनवमीला ती नांदेडला ऑफिसच्या पूजेत अडकली, प्रमुख म्हणून. टेकडीवर मार्तंड एकटाच आला होता. त्यामुळं तिच्या जोडांवर गेल्या वर्षीचंच विटलेलं कुंकू राहिलं होतं, आणि गुलाबी ठिपके होते ते सगळे त्याचे.

‘एवढं एक बोट माझ्या जोडाला लावलं असतं तर काय गेलं असतं,’ तिच्या मनात आलं. रीत रीतच, पण लागलं ते लागलंच.

"आता बघा," तिनं मीटर रेडिओच्या तोंडाशी लावला. काटा बारावर. "भार्गवी खरं बोलत होती."

"मग?" वरद सर म्हणाले.

"मग बसलेल्या बैलाची ताकद बघून काय उपयोग? गाडीला जुंपू." तिनं टर्मिनलवरून लातूरला निरोप पाठवला: अख्खा पेपर सोडा, न थांबता.

५

रेडिओ घुमू लागला. लातूर बोलत होतं, टेकडी नांदेडला सांगत होती. मीटरचा काटा आधी थरथरला, मग कलला, अकरा, मग दहा, मग अजून खाली. आणि टक्‌ असा आवाज होऊन डब्यातला हिरवा दिवा विझला. टेकडी मेली.

वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. मग दिवा आपोआप परत लागला. काटा बारावर. जसं काही घडलंच नाही.

"बाई गं," भार्गवी पुटपुटली. "छोट्या निरोपाला पुरतंय, मोठ्याला नाही. वाटेत कुठंतरी अडतंय."

शिवकन्या केबलीवरून बोटं फिरवत होती. बॅटरीकडून रेडिओकडं जाणारी जाड काळी केबल. उन्हाळ्यात तिनंच ही नवी घातली होती, अखंड, एकही जोड नाही. थंडगार लागत होती, थंडगार, थंडगार, आणि मध्येच हातभर जागा तव्याच्या कडेसारखी कोमट. त्या कोमट भागाच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळलेली. तिनं पक्कड मागितली. मार्तंडनं दिली नाही, भार्गवीनं दिली.

वरची नळी कापली आणि आतून बोटाएवढ्या जाड तारेच्या जागी एक केसासारखी बारीक तार निघाली. थोडं बोलायला पुरेल, जास्त बोलायला गेलं की गरम होईल आणि गळा धरील.

"सापडलं!" वरद सर ओरडले. "कापून बारीक तार घातली! आणि हा डबा दिवाळीनंतर कोणी उघडला? हिनं! मॅडम, तुम्ही नुसतं हो म्हणा. बाकी मी बघतो."

भार्गवी भिंतीला टेकली.

नुसतं हो म्हणायचं होतं. मानसुद्धा हलवून चाललं असतं. लातूरची पोरगी लातूरला जाईल, आल्याचा चहा परत आपल्या घरचा होईल. शिवकन्या तारेकडं बघत होती. मग तिची नजर टेपवर गेली.

टेपवर गुलाबी ठिपका होता. त्याला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

६

"हिनं नाही केलं," शिवकन्या म्हणाली.

"कशावरून?"

"ही केबल उन्हाळ्यात मी घातली, अखंड. म्हणजे जोड त्यानंतरचा. आणि जोडावर कुंकू खंडेनवमीचं आहे, आप्पांच्या गुलालाचं. असं गुलाबी कुंकू त्या एकाच दिवशी झालं. म्हणजे जोड दसऱ्याच्या आधीचा. भार्गवी तेव्हा लातुरात दिवाळीचे दिवे आणायच्या तयारीत असेल. आमच्यात आलीसुद्धा नव्हती."

"मग एवढे दिवस टेकडी का नाही मेली?"

"दिवाळीपर्यंत मोठं काही पाठवलंच नव्हतं. भाव आणि पाऊस. पेपर येणार हे मात्र गणपतीपासून ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. माझंच काम होतं ते, प्रमुख झाल्यावरचं पहिलं." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. हे बोट कोणाकडं वळतंय, ते बोलतानाच तिला कळत होतं. "सरांना जोड करता येत नाही. आप्पा डब्याला शिव्या देतात, कुंकू लावत नाहीत. इथं कुंकू लावतो तो आपल्याच हातच्या जोडाला लावतो."

गुरुपादप्पा बोलायला लागला, "पूजेला तर त्या दिशी…" आणि घोंगडीत तोंड घालून गप्प झाला.

"मी केलं," मार्तंड म्हणाला.

वरद सरांचा मफलर गळ्यातून सुटला तो त्यांना कळलाही नाही.

"भार्गवीसाठी?" शिवकन्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिचं तिलाच ते मूर्खासारखं वाटलं. भार्गवी तर नव्हतीच तेव्हा.

"कसली भार्गवी? ती पोर माझ्या कामाची आग अंगावर घेऊन राहिली होती. तिच्याकडं बघवत न्हवतं मला. म्हणून चहा, म्हणून गोड बोलणं." तो बॅटरीकडं बघत बोलत होता. "तुझ्यावर जळलो मी. हे सगळं आपण दोघांनी केलं, शिवकन्या. खांबावर मी चढलो, खाली तू दोर धरलास. आणि पाटीवर तुझं नाव. मी आता मॅडमचे मिस्टर. घरी पेढे घेऊन लोक येत होते, मी दार उघडलं की विचारायचे, मॅडम आहेत का? वाटलं, एक पेपर बुडू दे. एकदा म्हणू देत, बाईला जमलं न्हाई. मग मीच वर येऊन काढीन ती तार, आणि सगळ्यांना दिसेल की…" तो थांबला. "पण नवी पोर आली आणि बोट तिच्याकडं गेलं. मग काढायला बी येता येईना. काढताना कोणी पाहिलं तर?"

"आणि कुंकू? कोणी सोडवू नये म्हणून लावलंत?"

मार्तंडनं पहिल्यांदा वर पाहिलं. "न्हाई गं. पूजेला बसलो, माझे जोड एकेक करत गेलो. हात तिथंही गेला. लावून झाल्यावर कळलं, आपण काय लावलं ते."

शिवकन्याला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. या माणसानं पाप केलं आणि तेही पुजलं. महिनाभर ती आपल्या संसारात दुसरी बाई शोधत होती. दुसरी बाई निघाली ती स्वतःच, पाटीवरची.

"सर," ती वरद सरांकडं वळली, "नाव मिळालं तुम्हाला. मालकांना मी सांगते. हे आजपासून कामावर नाहीत, पुढचं मालक ठरवतील. भार्गवीबद्दल जे बोललात ते तुम्ही तिला इथंच, आमच्यासमोर परत घ्या."

वरद सरांनी घेतलं. शब्द तुटक होते, पण घेतले.

भार्गवीनं जाड तारेचा नवा जोड केला, सरळ, घट्ट, देखणा. शिवकन्यानं पाहिला आणि "छान" म्हणाली. दात या वेळी जागेवर राहिले. लातूरनं पेपर परत सोडला. काटा जागचा हलला नाही. नांदेडच्या रिकाम्या हॉलमध्ये तो गोळा एकदाचा उताराच्या खाली पोचला असेल.

गुरुपादप्पानं कोनाड्यातली नव्या कुंकवाची डबी काढून शिवकन्यापुढं धरली. "नवा जोड हाय, लावा."

"माझा नाही तो," ती म्हणाली आणि डबी भार्गवीच्या हातात दिली.

मग तिनं स्वतःच्या जुन्या जोडाकडं बघितलं. त्यावर विटका ठिपका होता. मार्तंड दाराशी उभा होता, पायात चपला घालून, कुठं जायचं ते न कळल्यासारखा. त्याच्या हाताला ती डबी मागायचा हक्क नाही, हे त्यालाही कळत होतं.

खाली जीपपाशी आल्यावर शिवकन्यानं त्याच्यापुढं हात केला. "किल्ली."

त्यानं दिली. "मी मागं बसतो, सरांजवळ."

"सर आणि भार्गवी बसतील मागं. तुम्ही पुढं बसा." ती चालकाच्या जागेवर चढली, आरसा आपल्या उंचीला फिरवला. "लोह्यापर्यंत तुम्ही बोला, अजून काय राहिलं असेल ते. लोह्यापासून नांदेडपर्यंत मी बोलते."

"लोहा तर हे काय, समोर दिसतंय," तो हळूच म्हणाला. "नांदेड लांब आहे."

"हो," शिवकन्या म्हणाली आणि जीप गिअरमध्ये टाकली. "माझं जास्त आहे."